रातांब्याचे दिवस: मे महिन्यातलं कोकण, आगळाची बरणी आणि परसातलं झाड

आडवाट

मे महिन्यात कोकणात जाणाऱ्याला काय आणणार विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: हापूस, काजूगर, फणसपोळी. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, नाव सहसा कुणी घेत नाही. आमसूल घाटावरच्या घरोघरी डब्यात असतं, पण ते झाडावर कसं लगडतं हे पाहिलेली माणसं आमच्याकडे पुण्यात फार थोडी. मला हे फळ मनापासून आवडतं, म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्याकडच्या पाककृती, प्रवासाच्या आठवणी आणि मुख्य म्हणजे झाडाबद्दलचे अनुभव इथे लिहा.

यंदा आम्ही पुण्याहून कोल्हापूर, गगनबावडा करत घाट उतरलो आणि कणकवली-कुडाळवरून वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत जुन्या स्नेह्यांकडे राहिलो. त्यांच्या विहिरीमागे रातांब्याचं मोठं झाड आहे. माथ्याकडे निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या, जुनी पानं गडद हिरवी आणि नवी पालवी तांबूस. खालून नुसतं वर बघितलं तर फळं दिसतच नाहीत, पानांत लपलेली असतात. फांदी बाजूला केली की मग एकदम दिसतात: कच्ची हिरवी, काही लालसर, आणि पूर्ण पिकलेली जांभळट लाल.

दुपारी पडवीत सगळे मिळून रातांबे फोडायला बसलो. फळ धुऊन मधोमध कापायचं, बोटाने बियांसकट गर काढून मोठ्या टोपात टाकायचा आणि वाट्यांसारखी सालं वेगळी ठेवायची. गरात मीठ घातलं की त्याला पाणी सुटतं. त्या खारट-आंबट रसात सालं बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढून उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. याला पुटं देणं म्हणतात. पाच-सात पुटं बसली की साल काळपट, मऊ आणि चिवट होते, आणि तेच आपलं आमसूल. पहिल्या पुटानंतरचं आणि शेवटच्या पुटानंतरचं साल मी शेजारी शेजारी ठेवून चाखलं. पहिल्याचा आंबटपणा पाण्यासारखा पातळ, जिभेवरून लगेच उतरणारा. शेवटच्याचा दाट, खारट आणि बराच वेळ तोंडात राहणारा. दुकानातली आमसुलं कधी कधी नुसतीच आंबट का लागतात त्याचा उलगडा तिथे झाला. पुटं कमी दिली की वजन लवकर हाती येतं, पण चव मुरत नाही.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं आणि आमसुलं घातलेलं, सोबत उकडा भात. रात्री कुळथाची पिठी, तिच्यातही आमसूल. सोलकढी रोज. आणि काकी आल्यागेल्याला तिवळ द्यायच्या: आगळ (म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस), पाणी, जिरं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, बस. नारळ नाही. उन्हातून आल्यावर मला तर सोलकढीपेक्षा तिवळच बरं वाटलं.

आता प्रश्न. आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, दुपारनंतर भिंतीची सावली येते. पुण्याच्या हवेत रातांबा लागेल का? लावायचा तर बी लावू की कलम?

---

तिरफळ

ताई, आमच्या गावाकडचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे याला भिरंडच म्हणतात, रातांबे म्हणणारे रत्नागिरीकडचे जास्त.

तुम्ही गर टोपात टाकलात तिथवर लिहिलंत, पण त्यातल्या बियांचं पुढे काय होतं तेही लिहायला हवं. रस गाळून झाला की बिया धुऊन खणखणीत वाळवतात. मग फोडून टरफल पाखडायचं, आतला दाणा कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तेलाचा थर येतो तो काढून घेतात. थंड झाला की घट्ट होतो, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हे मुठेल. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कोकणच्या उन्हाळ्यातही फळीवर घट्टच राहतं आणि टाचेवर चोळलं की अंगाच्या उबेने मऊ होऊन भेगांत उतरतं. पावसात चिखलात दिवसभर उभं राहून लावणी करणाऱ्या बायकांच्या पायांना याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. माझी आजी चपातीला आणि भाकरीलाही लावायची.

रातांब्याच्या हंगामाचं सगळं गणित पावसाच्या तारखेवर आहे. फळ एप्रिल-मेमध्ये तयार होतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस कोकणात येतो. मधले दिवस हातात. २०२५ साली तर मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. म्हणजे आमच्याकडे त्याच्याही आधी. अर्धी भिरंडं झाडावर आणि अर्धी अंगणात ओली. ऊन नाही तर पुटं कशी द्यायची? झाडाखाली फळांचा लाल चिखल झाला होता. त्या वर्षी आम्ही आमसुलांचा नाद सोडला आणि जेवढं हाती लागलं त्याचं आगळ करून ठेवलं.

---

चुलाण

धागा फार आवडला. सोलकढीबद्दल थोडं लिहिते, कारण लग्नाकार्यात आणि खानावळीत जे गुलाबी पाणी मिळतं त्याला लोक सोलकढी समजायला लागलेत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमसुलं घ्यायची असतील तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवू नका, सालाचा चोथा उतरून तुरटपणा येतो. आगळ असेल तर काम सोपं, पण आगळात मीठ असतंच, त्यामुळे मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. ओल्या नारळाचं पहिलं दाट दूध बाजूला ठेवायचं, दुसरं पातळ दूध आगळात घालायचं, ढवळायचं आणि मग वरून दाट दूध. लसूण आणि मिरची मीठ घालून खलात ठेचायची. वाटून लगदा केला की लसणाचाच वास पुढे येतो. गॅसवर ठेवायची नाही, दूध फाटतं. केल्यावर तास-दोन तासांत संपवायची.

गोव्यात बिनलसणाचीही करतात आणि सारस्वत घरांत हिंगाची फोडणी देऊन नारळाशिवायची फुटी कढी होते. तीही खाऊन बघा.

---

गच्चीवाला

चुलाणताई, लसणाशिवाय सोलकढी? माझा नम्र विरोध नोंदवून ठेवा. :-)

आडवाट, तुमच्या प्रश्नाला जोडून माझाही एक. मी चौथ्या मजल्यावर राहतो, गच्चीवर आंबा, पेरू, अंजीर, लिंबू सगळं ड्रममध्ये आहे. रातांबा ड्रममध्ये येईल का?

---

परसबाग

दोघांनाही एकत्र उत्तर देतो. माझी नोकरी शेतीखात्यातली नाही, पण बरीच वर्षं फळझाडांची कलमं बांधतो आणि रातांबा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी मुद्द्याचं. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलंत तर साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळायला फूल यावं लागतं. बियांच्या झाडाला फूल यायलाच सहा-सात वर्षं सहज जातात. तोवर पाणी घाला, खत घाला, जागा अडवून ठेवा आणि शेवटी नर. ज्याच्याकडे एकाच झाडाची जागा आहे त्याने मादी झाडाचं कलमच लावावं. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दिसायला लागतं.

दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या दोन जाती आहेत, कोकण अमृता आणि कोकण हातीस. हातीसचं फळ खूप मोठं आणि साल जाड. अमृताचं फळ मध्यम, पण पावसाच्या आधी हाती येतं. वर तिरफळ यांनी पावसाबद्दल लिहिलंय ते वाचलं की हा गुण किती मोलाचा आहे ते कळेल. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं. कलमं शिल्लक आहेत का ते आधी विचारून मगच जा.

आता गच्चीवाला यांच्यासाठी एक खास गोष्ट. रातांब्याला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक सरळ आभाळाकडे जाणारी आणि दुसऱ्या तिच्यातून बाजूला आडव्या जाणाऱ्या. उभ्या फांदीची काडी कलमाला वापरली तर झाड उंच, डौलदार होतं. आडव्या फांदीची काडी वापरली तर ते आडवंच पसरतं, झुडपासारखं. बागायतदाराला दुसरं नको असतं, कारण त्याला झाड नीट उभं राहायला हवं. गच्चीवर मात्र नेमकं तेच हवं! रोपवाटिकेत पसरट वाढलेली कलमं लोक मागे टाकून जातात. तुम्ही तीच मागा. मोठा ड्रम घ्या, तळाला भरपूर भोकं, लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा. येईल.

पुण्याच्या हवेबद्दल. रातांबा मुळात सह्याद्रीतल्या दमट जंगलात, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या आसऱ्याने वाढणारा. म्हणून पहिली दोन वर्षं सावली हवीच. आडवाट, तुमच्या भिंतीची दुपारची सावली त्याला वरदान आहे. मार्च ते मे कोरड्या वाऱ्यात पानांची टोकं करपतात. बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर आणि नियमित पाणी दिलं तर झाड तगतं. कोकणासारखा भार येणार नाही हे मनाशी धरून चला, पण घरच्या सोलकढीपुरतं मिळेल.

---

ओलीमाती

परसबाग यांच्याशी बहुतांशी सहमत, पण बियांच्या झाडांची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

आमच्या सावंतवाडीजवळच्या जमिनीत सगळी झाडं बियांचीच आहेत, आजोबांच्या वेळची, काही तर पाखरांनी लावलेली. एकाचं फळ लहान पण रंग शाईसारखा गडद, एकाचं साल इतकं जाड की आमसूल करायला तेच झाड राखून ठेवलेलं, एकाचा गर गोडसर म्हणून मुलं त्याच्यावरच चढतात. कलमं चांगलीच आहेत, पण सगळीकडे दोनच जाती लागल्या तर ही विविधता जाईल. शिवाय नर झाडाला लोक बिनकामाचं म्हणून तोडतात तेव्हा पोटात कालवतं. त्याच्या परागाशिवाय बाकीच्यांना फळ कुठून धरणार? ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी बांधावर दोन-चार बिया जरूर लावाव्यात. फक्त बी ताजं हवं. रातांब्याचं बी वाळलं की रुजत नाही, म्हणून फळ खाल्लं की लगेच धुऊन लावायचं. महिनाभरात कोंब दिसतो.

---

परसबाग

ओलीमाती, अगदी पटलं. जागा असेल तर तुम्ही म्हणता तसंच करावं. आणि तो शाईसारखा गडद रंगाचा रातांबा मला बघायचाच आहे. त्या झाडाची काडी देता आली तर मी कलमं बांधून देईन, तेवढीच ती जात टिकेल.

परागाच्या मुद्द्यावरून आठवलं. पुण्यात आजूबाजूला दुसरं रातांब्याचं झाड नसेल तर मादी कलमाच्याच एका फांदीवर नराची काडी बांधता येते. कोकणात जायफळाच्या बागांतून हे लोकांना माहीत आहे, कारण जायफळातही नर-मादी वेगळेच.

---

खारवारा

मस्त चर्चा चालली आहे. वाचनखूण साठवली.

प्रवासाबद्दल थोडं. रातांबे बघायचे असतील तर मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघावं. शेवटच्या आठवड्यात पावसाचा भरवसा नाही आणि गाड्याही भरलेल्या. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं आणि तिथून एसटीने आतल्या गावांत जायचं. स्वतःच्या गाडीने महामार्गावरून भराभर जाणाऱ्याला रातांबा दिसत नाही. तो परसात असतो, विहिरीकडे, गोठ्यामागे. एसटीच्या खिडकीतून अंगणात वाळत घातलेली लालकाळी सालं दिसली की उतरावं, पाणी मागावं आणि गप्पा सुरू कराव्यात. मी अशाच एका घरी कोकम-साखरेची बरणी भरताना पाहिली आहे. सालाच्या दुप्पट साखर, थरावर थर, झाकण लावून आठवडाभर. पाण्याचा थेंबसुद्धा घालत नाहीत, साखरच सालातला रस ओढून घेते.

हे फळ कोकणापाशी थांबत नाही. खाली उडुपी-मंगळूरला हेच पुनर्पुळी म्हणून भेटतं. तिथे त्याचं सरबत आणि भातावर घ्यायचं पातळ सार मिळतं, त्याला खोबरेल तेलाची फोडणी असते. आपल्या साराची सवय असलेल्याला आधी वेगळं लागतं, मग आवडायला लागतं.

---

सांजसावली

केरळात माशांच्या कालवणात घालतात ते काळं, धुरकट वासाचं कोकमच ना?

---

तिरफळ

नाही. ते कुडमपुळी. घराणं एकच, पण झाड वेगळं. त्याचं फळ पिवळं आणि भोपळ्यासारखं फाकाफाकांचं असतं, साल धुरावर वाळवतात म्हणून तो वास. आमच्या तिखल्यात घातलं तर बांगडा बाजूला राहील आणि धूरच लागेल. आणि बाजारात वजन उतरवायच्या गोळ्या त्याच फळाच्या अर्काच्या असतात. त्या घेतल्याने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकात आमसूल घालणं वेगळं आणि अर्काच्या गोळ्या गिळणं वेगळं.

---

प्रयोगवही

आगळात रंग मिसळलाय का ते घरी बघण्याची एक सोपी रीत. पांढऱ्या वाटीत चमचाभर आगळ पाण्यात पातळ करा आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. रातांब्याचा नैसर्गिक लाल रंग आंबटपणावर टिकून असतो. सोड्याने आंबटपणा मारला की तो जांभळट, निळसर, मग मळकट हिरव्याकडे झुकतो. बाहेरून घातलेला रंग बहुधा तसाच लालभडक राहतो. मी शाळेत मुलांकडून हा प्रयोग करून घेते. मुलं थक्क होऊन बघत राहतात, आणि घरी जाऊन आईच्या बरणीवर करून बघतात.

सोलकढीत नारळाचं दूध पडलं की रंग लाल न राहता गुलाबी-जांभळट का होतो, त्यातही थोडा वाटा याचाच. दुधाने आंबटपणा सौम्य होतो. म्हणून भडक गुलाबी सोलकढी दिसली की मला शंका येते.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची ठेवा. पितळ-ॲल्युमिनियमच्या भांड्यात आगळ कधीही नको.

---

आडवाट

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. सोड्याचा प्रयोग सकाळीच केला. वेंगुर्ल्याहून आणलेल्या आगळाचा रंग क्षणात फिरला, आधी जांभळा, मग शेवाळलेल्या पाण्यासारखा. घरातले सगळे ओट्याभोवती जमा झाले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली बाटली मात्र लालची लालच. ती मोरीत ओतली.

तर ठरलं. कोकण अमृताचं एक कलम, भिंतीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. ओलीमाती, एखादं गडद फळ मिळालं तर त्याचं बी कुंडीत लावून ठेवीन, आणि ते माझ्या भावाच्या शेताच्या बांधावर जाईल. नर निघालं तरी तिथे त्याला कुणी हात लावणार नाही.

शेवटचं विचारते. कलम कोकणातून गाडीने आणायचं तर काय काळजी घ्यावी? आणि लावायचं कधी?

---

परसबाग

पाऊस लागून जमीन आत ओली झाली की लावा, पुण्यात जूनअखेर ते जुलै. ढगाळ दिवस बघा.

गाडीत कलम उभं ठेवा, पिशवीची माती हलू देऊ नका आणि डिकीत कोंडू नका. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत राहू दे, मग जागेवर लावा. पिशवी कापून काढा, ओढू नका, सोटमूळ दुखावलं तर झाड वर्षभर रुसतं. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर तरी दिसला पाहिजे, आणि जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ती सोडवा, नाहीतर खोड जाड झाल्यावर रुतते. बाजूला काठी रोवून सैल बांधा.

आणि पहिली दोन-तीन वर्षं एक गोष्ट न चुकता बघत राहा. जोडाच्या खालून फुटवा आला की कोवळा असतानाच खुडायचा. तो खुंटाचा असतो, म्हणजे बियांच्या रोपाचा, आणि फार जोमाने वाढतो. वाढू दिला तर वरचं अमृता मागे पडतं आणि तुम्ही वर्षानुवर्षं भलत्याच झाडाला पाणी घालत बसाल. दर पंधरा दिवसांनी बुंध्याशी वाकून बघायचं, बस.